शेअर सर्टिफिकेटवर मुलाचं नाव, पण आजीचं काय?

वकीलताई, नमस्कार. आम्ही नऊ वर्षं डोंबिवलीत भाड्यानं राहतोय. आता १९९६ सालच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके पसंत पडलाय. किंमत ६० लाख. बिल्डरबरोबरचा मूळ करार विकणाऱ्याच्या वडिलांच्या एकट्याच्या नावावर आहे. ते २०१४ मध्ये वारले. मुलगा नॉमिनी होता, म्हणून सोसायटीनं २०१५ मध्ये शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर केलं. आई त्याच्याजवळच असते. बहीण लग्न होऊन मेलबर्नला असते. तिला लग्नातच सगळं दिलंय असं तो म्हणतो. शेजारच्या काकू फार बोलक्या आहेत. घर शांत आहे, पाण्याचा त्रास नाही, यांची आजीसुद्धा इथेच असायची, २०१८ मध्ये गेली, असं त्या सांगत होत्या. एजंट म्हणतो, सर्टिफिकेट मुलाच्या नावावर आहे म्हणजे टायटल क्लिअर. बँकेचं मंजुरीपत्रही आलंय. ५१ हजार टोकन आम्ही दिलं, आता दसऱ्याच्या आत ५ लाख द्या म्हणतात. पार्किंगचे ३ लाख वेगळे, तेही रोख. सोसायटी ट्रान्सफरचे दीड लाख मागतेय. घर माझ्या एकटीच्या नावावर घ्यावं की दोघांच्या? सासरे म्हणतात, घाई करू नका. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, डोंबिवली पूर्व

ताई, सासऱ्यांचं ऐका. ५ लाख आत्ता देऊ नका.

आणि शेजारच्या काकूंना एकदा चहाला बोलवा. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य त्यांचं आहे. तुम्ही ते पाण्याच्या त्रासाबरोबर जाता जाता लिहिलंत: आजी याच घरात होती आणि २०१८ मध्ये गेली. तिचा मुलगा, म्हणजे तुमच्या विक्रेत्याचे वडील, गेले २०१४ मध्ये, म्हणजे ते गेले त्या दिवशी त्यांची आई हयात होती. या गोष्टीमुळे तुमच्या फ्लॅटच्या विक्रेत्यांची संख्या एकावरून पाचावरही जाऊ शकते. कशी, ते सांगते.

आधी नॉमिनीचं. सोसायटीत नॉमिनेशनचा फॉर्म भरताना बहुतेकांना वाटतं की आपण मृत्युपत्रच करतोय. तसं नसतं. सभासद गेल्यावर सोसायटीनं बिल कुणाला पाठवायचं, सभेची नोटीस कुणाला द्यायची, कागदपत्रं कुणाशी करायची, हा प्रश्न अडू नये म्हणून नॉमिनी असतो. मालकी कुणाची, हे वारसा कायदा ठरवतो किंवा मृत्युपत्र असेल तर ते ठरवतं. विम्याच्या पैशांबाबत सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्येच हे सांगितलं: नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण ते वारसांसाठी. २०१६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका सहकारी सोसायटीच्या प्रकरणातही न्यायालय म्हणालं की सोसायटीनं नॉमिनेशनप्रमाणे नाव लावलं पाहिजे, मात्र घरच्यांना वारसाहक्कासाठी भांडण्याची वाट मोकळी आहे. आपल्याकडे २०१९ मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यातल्या कलम १५४ब-१३ नुसार खरे वारस सभासद होईपर्यंत नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद करून घेतात. तुमच्या विक्रेत्याचं सर्टिफिकेट २०१५ चं, म्हणजे त्याआधीचं. त्यामुळे त्यावर 'तात्पुरता' हा शब्द नसेल. पण शब्द नाही म्हणून वारसांचे हिस्से कुठे जात नाहीत.

एजंटला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. त्याला दलाली विक्री झाली की मिळते, टायटल क्लिअर झालं की नाही.

आता हिस्से. कुटुंब हिंदू आहे आणि वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नाही असं धरून चालते. मुस्लिम, ख्रिश्चन किंवा पारशी कुटुंब असेल तर वाटण्या वेगळ्या होतात, तेव्हा हे गणित तिथे लावू नका. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुषाच्या स्वतःच्या कमाईची मिळकत पहिल्या वर्गातल्या वारसांकडे जाते. पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई, चौघांना सारखी. त्या यादीतली 'आई' लोक हमखास विसरतात. मुलींना २००५ मध्ये हक्क मिळाला हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, पण तो बदल वडिलोपार्जित एकत्र मिळकतीबद्दलचा. वडिलांनी स्वतः घेतलेल्या फ्लॅटमध्ये मुलीचा हिस्सा १९५६ पासूनच मुलाइतका आहे. आईचाही.

म्हणजे २०१४ मध्ये ज्या दिवशी वडील गेले, त्या दिवशी घराचे चार भाग झाले: आई, मुलगा, मेलबर्नची बहीण आणि आजी. कुणी अर्ज केला नाही, कुठे नोंद झाली नाही, तरी झाले.

मग २०१८ मध्ये आजी गेली. तिचा पाव हिस्सा काही हवेत विरला नाही आणि आपसूक नातवाकडेही आला नाही. तो तिच्या स्वतःच्या मुलाबाळांकडे गेला. आजोबा तिच्या आधी गेले असणार असं धरते. आजीला आणखी किती मुलं होती, हे तुमच्या पत्रात नाही. समजा एक काका आणि एक आत्या आहेत. तर तिच्या पाव हिश्श्याचे तीन भाग होतात: एक काकांचा, एक आत्याचा, आणि एक आधी गेलेल्या मुलाच्या मुलांचा, म्हणजे तुमचा विक्रेता आणि त्याची बहीण या दोघांत मिळून. सून, म्हणजे विक्रेत्याची आई, आजीच्या हिश्श्यात येत नाही.

साठ लाखांत मांडून दाखवते, कारण आकडे मांडले की नाती लगेच स्पष्ट दिसतात. विक्रेत्याचे साडेसतरा लाख. त्याच्या बहिणीचे साडेसतरा लाख. आईचे १५ लाख. काकांचे ५ आणि आत्याचे ५. एजंटच्या हिशोबात हे सगळे ६० लाख एकाच माणसाचे आहेत.

तुम्ही म्हणाल, पाच लाखांसाठी आत्या कशाला येतेय? ताई, माझ्या वकिलीत मी पाहिलंय ते असं की आत्या पाच लाखांसाठी येत नाही. ती रीडेव्हलपमेंट निघाल्यावर येते. एका जोडप्यानं कल्याणला असाच नॉमिनी मुलाकडून फ्लॅट घेतला होता. सहा वर्षं सुखानं राहिले. मग इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं, बिल्डर सगळ्यांना जास्तीचं क्षेत्रफळ आणि भाडं द्यायला निघाला, आणि पहिल्या आठवड्यात विक्रेत्याच्या बहिणीच्या वकिलाची नोटीस आली. त्यात तिनं आपल्या हिश्श्याबरोबर वाढीव क्षेत्रफळावरही हक्क सांगितला होता. बिल्डरनं वाद मिटेपर्यंत त्यांचा करार बाजूला ठेवला. शेजारी भाड्याच्या घरात गेले, आणि हे दोघं अर्ध्या रिकाम्या इमारतीत लिफ्ट बंद असताना राहिले. तुमची इमारत १९९६ ची आहे. पुढच्या दहा वर्षांत रीडेव्हलपमेंटचा विषय निघणार, हे गृहीत धरा.

एकट्या मुलाकडून घर घेतलंत तर तुम्हाला काय मिळेल? त्याचा जेवढा हिस्सा आहे तेवढाच. त्यातही मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ म्हणतं की कुटुंबाच्या राहत्या घरातला एका सहमालकाचा हिस्सा बाहेरच्या माणसानं विकत घेतला, तर त्याला बाकीच्यांबरोबर त्या घरात राहायचा हक्क मिळत नाही. वाटपाचा दावा करून आपला हिस्सा मागायचा. म्हणजे ६० लाख देऊन हातात दावा.

"आम्हाला माहीत नव्हतं, आम्ही चांगल्या मनानं घेतलं" असं पुढे कोर्टात सांगता येईल का? योग्य चौकशी करून, काहीच न कळल्यानं फसलेल्या खरेदीदाराला कायदा काही वेळा सांभाळून घेतो. पण तुम्हाला बहीण माहीत आहे, आजीही माहीत झाली. आता तर तुम्ही मला पत्रही लिहिलंय.

याच कारणानं जाहीर नोटिशीवर फार विसंबू नका. एजंट म्हणेल, दोन पेपरांत नोटीस देऊ, चौदा दिवसांत कुणी आलं नाही की झालं. नोटीस द्यावी, मीही देते. कुणाकडे मूळ कागद गहाण पडलेले असतील, कुणी आधीच विसार दिलेला असेल, तर ते नोटिशीतून बाहेर येतं. पण ज्या वारसाचं नाव आपल्याला ठाऊक आहे त्याला विचारायचं सोडून पेपरात जाहिरात द्यायची आणि तो गप्प राहिला म्हणून त्याचा हिस्सा संपला असं म्हणायचं, हे चालत नाही. मेलबर्नला कोण सकाळी उठून डोंबिवलीच्या जाहीर नोटिसा वाचतं?

"लग्नातच सगळं दिलंय" याला कायद्यात काडीची किंमत नाही. दागिने दिले, लग्नाचा खर्च केला, ते तिचं झालं. घरातला हिस्सा त्यामुळे सुटत नाही. तो सुटायला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यात शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडणारा दस्त नोंदवलाच पाहिजे असं आहे. (शंभर रुपयांची ती मर्यादा आजतागायत शंभरच आहे. डोंबिवलीत आज शंभर रुपयांत फरशीचा एक तुकडा येत नाही.) तेव्हा स्टॅम्पपेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारलेलं 'ना हरकत प्रतिज्ञापत्र' विक्रेत्यानं पुढे केलं, तर ते बहिणीची भावना कळण्यापुरतं ठेवा. त्यानं हक्क सुटत नाही. नगरसेवकाच्या पत्रानंही नाही.

मग करायचं काय? माझ्या मते तुमच्या बाबतीत सगळ्यात सोपा मार्ग हा: सगळ्या वारसांनी विक्रेते म्हणून एकाच करारावर सही करायची. आई, मुलगा, बहीण, काका, आत्या. पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात. हक्कसोडपत्राचा वेगळा दस्त करायचा, त्याचं शुल्क, त्याची नोंदणी, त्यासाठी रुसवेफुगवे, हे वाचतं. काका-आत्यांना पैसे नको असतील आणि ते पुतण्याच्या नावानं हक्क सोडायला तयार असतील, तर तसं करा. आई-मुलं, भाऊ-बहीण अशा जवळच्या नात्यांत हक्कसोडीचं मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. काका-आत्या ते पुतण्या या नात्याला ते कसं लागेल, हे दस्त लिहिण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. आणि हा दस्त तुमच्या कराराच्या आधी नोंदलेला हवा.

बहिणीला त्यासाठी विमानानं यायची गरज नाही. तिथल्या भारतीय वकिलातीसमोर किंवा नोटरीसमोर तिनं कुलमुखत्यारपत्र करून द्यायचं. फ्लॅटचा पूर्ण पत्ता, विकण्याचा आणि करार नोंदवण्याचा अधिकार, आणि पैसे कुठल्या खात्यात जायचे, हे त्यात स्पष्ट हवं. 'माझ्या सर्व मालमत्तेबाबत सर्व अधिकार' अशा मोघम मुखत्यारपत्रावर मी कुणाला पैसे देऊ देत नाही. कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं. लोक इथेच अडकतात: कागद येतो, कपाटात जातो, आणि नोंदणीच्या आदल्या दिवशी मुदत उलटून गेल्याचं कळतं. सही झाल्यावर बहिणीशी एकदा व्हिडिओ कॉलवर स्वतः बोला. त्यानं कायद्याची अट पूर्ण होत नाही, पण तिला विक्री माहीत आहे की नाही ते तुम्हाला तोंडावरून कळेल.

काका वारले असतील तर त्यांची मुलं येतील. त्यांतलं कुणी अठराच्या आतलं असेल तर जिल्हा न्यायालयाची परवानगी घेतल्याशिवाय त्याचा हिस्सा विकता येत नाही. असं निघालं तर मी सांगेन की हे घर सोडा आणि दुसरं बघा. ती परवानगी मिळत नाही असं नाही. पण तुमचं भाडं त्यासाठी थांबणार नाही.

वारस नेमके कोण, यावर विक्रेत्याचा शब्द पुरे का? साध्या कुटुंबात वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, मृत्यूचे दाखले आणि रेशन कार्ड पाहून मी पुढे जाते. जरा शंका असेल तर दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला मागते. आपल्याकडे तो अजूनही १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली मिळतो, म्हणजे पेशवाई बुडून दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हाचा कायदा. त्यात कोर्ट जाहीर सूचना काढतं, हरकती ऐकतं. बँकेतल्या ठेवी, शेअर यांसाठी जे वारसा प्रमाणपत्र काढतात ते वेगळं; घरासाठी तेवढ्यावर काम होत नाही. दोन्हींची नावं सारखी असल्यानं लोक भलतंच घेऊन येतात. आणि काकूंना त्या चहाच्या वेळी हेही विचारा की आजीचा दिवस करायला कोण कोण आलं होतं. वंशावळ तपासायची माझी ही जुनी पद्धत आहे.

वडिलांचं किंवा आजीचं मृत्युपत्र असेल तर वरचं सगळं गणित बदलेल. म्हणून पहिला प्रश्न तोच विचारा.

बँकेनं कर्ज मंजूर केलंय, मग बँकेनं कागद तपासलेच असतील, असं तुम्हाला वाटतंय. तुमच्या हातातलं मंजुरीपत्र तुमच्या पगारावर आलंय. फ्लॅटचे कागद त्यांचा वकील पैसे देण्याच्या वेळी पाहील. तोही पाहील ते बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून. बँक ४५ लाख देणार असेल तर तिला ४५ लाखांची काळजी असते, तुमच्या आयुष्यभराच्या घराची नाही. स्वतःचा वकील नेमा आणि तो एजंटनं सुचवलेला नको.

तुमच्या वकिलाला निदान तीस वर्षांच्या मालकीच्या नोंदींचा शोध घ्यायला सांगा. फ्लॅट १९९६ चा आहे, तेव्हा पहिल्या करारापासूनचा सगळा इतिहास त्यात येतो. मूळ करार, त्याची नोंदणी पावती, सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयाचा 'इंडेक्स टू' उतारा), बिल्डरला दिलेल्या पैशांच्या पावत्या, आणि जुनं गृहकर्ज असेल तर बँकेचं कर्जफेडीचं पत्र. छायाप्रतींवर समाधान मानू नका. मूळ करार "सापडत नाही" म्हणाले, तर तो कुठे तरी गहाण आहे असं धरून चौकशी करा. इमारतीचा भोगवटा दाखला आणि मंजूर नकाशा महापालिकेच्या नगररचना विभागातून पडताळा. डोंबिवलीत राहता म्हणजे बनावट परवानग्यांवर महारेराचे नंबर मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण तुम्ही ऐकलंच असेल. मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये त्या पाडायला सांगितल्या. तुमची इमारत त्यातली नाही, जुनी आहे. पण कागद दाखवला म्हणजे तो खरा, असं आपल्या भागात तरी म्हणू नये.

त्याच फेरीत जमीन कुणाच्या नावावर आहे तेही सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर पाहून घ्या. अजून बिल्डर किंवा मूळ जमीनमालकाचंच नाव असेल, तर कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, झालेलं नाही. त्यावरून घर सोडू नका, अशा सोसायट्या गल्लोगल्ली आहेत. बिल्डर सही देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण, बोली भाषेत डीम्ड कन्व्हेयन्स, करून घेता येतं. सेक्रेटरींना एवढंच विचारा: अर्ज केलाय का, नसेल तर का नाही? उत्तरावरून सोसायटी कशी चालते ते कळेल.

सोसायटीचे दीड लाख. देऊ नका. ट्रान्सफर प्रीमियमवर सरकारनं २००१ मध्येच मर्यादा घातलीय. महापालिका क्षेत्रात तो जास्तीत जास्त २५ हजार. त्याशिवाय ५०० रुपये हस्तांतर शुल्क आणि १०० रुपये प्रवेश शुल्क. याच्या वर जे 'इमारत निधी', 'स्वेच्छा देणगी' म्हणून मागतात, ते स्वेच्छेनं असेल तर तुमच्या इच्छेवर आहे. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट विकायला सोसायटीचं ना हरकत पत्र सक्तीचं नाही, पण तुमची बँक ते मागेल, आणि सेक्रेटरींचा सगळा जोर त्या पत्रावरच असतो. मागणी लेखी द्या म्हणावं. बहुतेक वेळा ती लेखी येतच नाही. तरी अडवलं तर उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, पण नव्या शेजाऱ्यांशी पहिल्याच दिवशी भांडण नको असेल तर हे काम विक्रेत्यावर सोडा. सोसायटीचं येणं बाकी नसल्याचा दाखलाही त्याच्याकडूनच घ्या.

पार्किंगचे ३ लाख मला सगळ्यात जास्त खटकले. इमारतीखालची खांबांमधली मोकळी जागा बिल्डरलाही फ्लॅटसारखी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये मुंबईतल्याच एका सोसायटीच्या दाव्यात सांगितलं. ती सामाईक जागा आहे आणि गाडी कुठे लावायची हे सोसायटी ठरवते. तुमचा विक्रेता आपली नसलेली वस्तू विकतोय, आणि तीही रोखीत. सोसायटीनं ती जागा त्याला लेखी दिली असेल आणि तीच तुम्हाला मिळेल असं सोसायटी लिहून देत असेल, तर घराच्या किमतीत काय ते बोला. शिवाय १ जून २०१५ पासून घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारता येत नाही. रोख स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड लागतो. दंड त्याला होईल, पण रोख दिलेल्या पैशांची पावती तुमच्याकडे नसेल, आणि व्यवहार मोडला तर तुम्ही ते मागणार कशाच्या जोरावर?

कर कापण्याचंही लक्षात ठेवा, कारण तो विकत घेणाऱ्याला कापावा लागतो. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर विक्रेत्याला देताना एक टक्का कापून सरकारकडे भरायचा. पाच विक्रेते आहेत, प्रत्येकाचा वाटा ५० लाखांच्या आत आहे, मग कपात नाही, असं कुणी सांगेल. ऑक्टोबर २०२४ पासून ही पळवाट बंद आहे. एकूण किंमत धरायची. मेलबर्नच्या बहिणीच्या हिश्श्याला मात्र एक टक्क्याचा नियम लागूच होत नाही. ती अनिवासी असेल तर तिच्या वाट्यावर भांडवली नफ्याच्या दरानं कपात करावी लागते आणि ती कितीतरी जास्त असते. हे काम सीएकडून करून घ्या, आणि करार होण्याआधी. नंतर कळलं तर तिच्या वाट्याचा कर तुमच्या गळ्यात येतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ज्यावर घरात बहुधा सगळ्यात जास्त चर्चा झाली असेल. कल्याण-डोंबिवलीत मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे, म्हणजे ४ लाख २० हजार. फक्त स्त्रीच्या नावानं घर घेतलं तर एक टक्का सूट: ३ लाख ६० हजार. नोंदणी फी दोन्हीकडे ३० हजार. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. सरकारी मूल्यदर तक्त्याप्रमाणे, म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे, घराची किंमत ६० लाखांहून जास्त निघाली तर शुल्क त्या जास्त रकमेवर लागेल, ते आधी पाहून घ्या. नवरा मालक नसून फक्त सहकर्जदार असेल, तर त्यानं हप्ते भरले तरी व्याजावरची आयकराची वजावट त्याला मिळत नाही. ६० हजार एकदाच वाचणार आणि वजावट काही वर्षं जाणार, याचा हिशोब कागदावर मांडा. कुणाचा पगार किती आणि कोणत्या कर पद्धतीत, यावर तो ठरेल. माझं मत विचाराल तर, तुम्ही कमावत असाल आणि हप्ता तुमच्या पगारातून जाणार असेल, तर एकटीच्या नावानं घ्या.

राहिलं टोकन. ५१ हजार तुम्ही बँकेतून दिले असतील तर चिंता नको. टायटलमधला दोष विक्रेत्यानं खरेदीदाराला सांगितलाच पाहिजे, हे त्याच्यावर कायद्यानं बंधन आहे. तो सांगितला नाही आणि त्यामुळे तुम्ही मागे हटलात, तर टोकन जप्त करायचा त्याला हक्क नाही. पुढचा रुपया द्याल तो लेखी विसारपावतीवरच, आणि तिच्यात एक अट हवी: सर्व वारसांच्या सह्या अमुक तारखेपर्यंत झाल्या नाहीत तर पूर्ण रक्कम परत. दसरा दरवर्षी येतो, ताई.

एजंटला पाठवायला हा निरोप तुमच्यासाठी लिहून ठेवते. त्याच्याशी फोनवर वाद घालू नका, हे जसंच्या तसं व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे लेखी राहील:

"नमस्कार. घर आम्हाला पसंत आहे आणि घ्यायचंच आहे. पुढची रक्कम देण्याआधी चार गोष्टी हव्यात. वडील आणि आजी यांचे मृत्यूचे दाखले. दोघांपैकी कुणी मृत्युपत्र केलं होतं का, त्याचं लेखी उत्तर. आजींच्या सर्व मुला-मुलींची नावं आणि फोन नंबर. आणि मेलबर्नच्या ताईंशी एकदा बोलणं. हे आलं की आमच्या वकील विसारपावतीचा मसुदा पाठवतील."